दोन महिन्यांचे बिऱ्हाड

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि महाविद्यालयांच्या परीक्षा उरकल्या, म्हणजे आमच्या मोहने गावाच्या आंबिवली स्थानकावर काही अपरिचित चेहरे दिसू लागतात. कोणी जळगावचा, कोणी लातूरचा, कोणी थेट नागपूरचा. मुंबईतील एखाद्या वकिलाच्या कचेरीत, वृत्तपत्रात, रुग्णालयात अथवा पेढीवर दोन महिने काम शिकावयास ही मुले आलेली असतात. हल्ली यास इंटर्नशिप म्हणतात. आमच्या वेळी उमेदवारी हा शब्द पुरेसा होता. उमेदवारी मिळणे कठीण खरे, पण तेवढे दोन महिने पाठ टेकण्यास परवडणारी जागा मिळणे त्याहून कठीण. म्हणून कोणाचा मावसभाऊ, कोणाच्या वडिलांचा जुना सोबती मोहन्यात शोधून काढावयाचा, आणि पहाटेची गाडी धरून मुंबई गाठावयाची, असा क्रम चालतो. ही अडचण आजची नव्हे. मुंबई शहर जितके जुने, जवळजवळ तितकीच ती जुनी आहे; आणि मुंबईकरांनी तिच्यावर काय काय तोडगे काढले, हा इतिहास पाठ्यपुस्तकात येत नसला तरी ऐकण्याजोगा आहे.

मुंबई हे मुळी उपऱ्यांचेच शहर. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ साली ती कल्याणास पोचली. त्याच साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापसाच्या गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. तेव्हापासून माणसांचा जो लोंढा सुरू झाला तो थांबला नाही. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती, आणि त्यांपैकी शेकडा ८४ माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. एकट्या रत्नागिरी जिल्ह्याने या शहरास सुमारे पंचमांश माणसे पुरविली होती. एवढी माणसे प्रथम उतरली कोठे? धर्मशाळा होत्या, पण धर्मशाळेत चार दिवस राहावे, चार महिने नव्हे. ऐपतदारांसाठी भोजन-निवासाची गृहे होती. क्रॉफर्ड मार्केटनजीकचे सरदारगृह त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचे, कारण लोकमान्य टिळकांनी १ ऑगस्ट १९२० रोजी तेथेच देह ठेवला. परंतु ज्याच्या खिशात परतीचे भाडे देखील नाही, अशा उमेदवारास ते दार कोठून उघडणार?

त्याच्यासाठी गावकीची खोली होती. ही संस्था कोणा शासनकर्त्याने काढली नाही, कोणा दानशूराने तिला देणगी दिली नाही. ती कोकणातल्या चाकरमान्यांनी आपल्या गरजेतून उभी केली. एका गावच्या मंडळींनी परळ, लालबाग, वरळी, नायगाव अशा गिरणगावात चाळीतली एक खोली भाड्याने घ्यावयाची. तिला कोठे गाळा म्हणत. भाडे सर्वांनी वर्गणीने भरावयाचे. दहा बाय बारा फुटांची ती खोली, आणि तिच्या नावे वीस, तीस, प्रसंगी त्याहूनही अधिक माणसे! हे ऐकून आजचा श्रोता दचकेल. पण हिशोब असा की, सगळी माणसे एकाच वेळी घरी कधीच नसत. दिवसपाळीचा मनुष्य बाहेर पडला की रातपाळीचा येऊन त्याच जागी वळकटी पसरी. रात्री उरलेले चाळीच्या गॅलरीत, जिन्यात, पदपथावर झोपत. ज्याची त्याची मालमत्ता म्हणजे भिंतीशी रचलेली एक ट्रंक आणि खुंटीवरचा एक सदरा. जेवण शेजारच्या खानावळीत, बहुधा एखाद्या कष्टाळू बाईच्या घरी, आणि त्याचा हिशोब पगाराच्या दिवशी.

या व्यवस्थेतील खरा गुण निराळाच होता. गावाहून नवा पोर आला तर त्यास नोकरी लागेपर्यंत वर्गणी मागत नसत. तो खोली झाडी, पाणी भरी, आणि कोणी जॉबरकडे शब्द टाकीपर्यंत वाट पाही. बिनव्याजी, बिनतारणाचे हे कर्ज होते. त्याची फेड तो पुढे दुसऱ्या पोरासाठी करी. अर्थशास्त्राच्या ग्रंथात यास काय नाव आहे ते असो. मुंबईच्या गिरण्या या कर्जावर उभ्या राहिल्या असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

आता उन्हाळ्याची गोष्ट. मे महिन्यात चाकरमानी रजा काढून गावी जात. लग्नकार्ये त्याच दिवसांत, घराची शाकारणी त्याच दिवसांत, आणि पाऊस पडला की पेरणी आटोपूनच परत निघावयाचे. त्यामुळे गावकीची खोली वर्षातून हे दोन महिने अर्धीअधिक रिकामी असे. नेमका हाच काळ विद्यार्थ्यांच्या सुटीचा! १९७७ च्या मे महिन्यात, मॅट्रिकची परीक्षा देऊन, मी स्वतः राजापूर तालुक्यातून निघालो तो गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम शिकण्यासाठी. मामा लालबागला गावकीच्या खोलीत राहत. परंतु ती खोली मामांच्या गावची. माझे गाव नदीपलीकडचे. रविवारी मंडळी जमली तेव्हा त्यावर रीतसर खल झाला. एक वृद्ध कारभारी म्हणाले, "पोर चांगला असेल, पण उद्या प्रत्येक जण पाव्हणा आणू लागला तर?" त्यावर दुसऱ्याने निर्णय दिला, "भाचा म्हणजे गावचाच. बहीण काय आपण परक्यास दिली?" झाले! मला खिडकीखालची जागा मिळाली, कारण तिचा धनी लग्नासाठी गावी गेला होता. सात जूनला पाऊस आला, पंधरवड्याने तो धनी आला, आणि माझी वळकटी दाराशी सरकली. जुलैच्या आरंभी मी परत फिरलो. दोन महिन्यांचे भाडे म्हणून मामांनी एक रुपया देखील माझ्याकडून घेऊ दिला नाही. मात्र रोज पहाटे चार वाजता नळावर रांग धरण्याचे काम माझ्याकडे होते.

असाच प्रकार गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांचा. त्यांच्या गावोगावच्या 'कूड' नावाच्या संस्था धोबीतलाव, माझगाव या भागांत होत्या. धोबीतलावावरील जेर महाल या एकाच इमारतीत अशा अनेक कुडी. बोटीवर खलाशाची अथवा आचाऱ्याची नोकरी शोधावयास आलेला गोवेकर तरुण आपल्या गावच्या कुडीत उतरे. तेथे गावच्या आश्रयदात्या संताची वेदी असे, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होई, आणि भिंतीशी पेट्यांची तीच रांग. महिन्याची वर्गणी अगदी माफक. यांपैकी कित्येक कुडी आजही चालू आहेत. आमच्या गाळ्यात गणपतीची तसबीर, त्यांच्या कुडीत क्रूस. उरलेला कारभार इतका सारखा की कोणी कोणाचे अनुकरण केले, हा प्रश्नच पडू नये.

परंतु श्रोते हो, या कौतुकाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. गावकीच्या खोलीत प्रवेश मिळे तो नावावर. गाव कोणते, वाडी कोणती, घर कोणाचे. आणि त्यातच जात आली. स्वस्त भाडे हे त्या नावाचे फळ होते. ज्याच्या नावास मान नव्हता, त्याच्या हाती पैसे असूनही त्यास जागा नव्हती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे नसून बडोद्याचे आहे. १९१७ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेतील व लंडनमधील अध्ययन थांबवून परतले आणि सप्टेंबरात बडोद्यास रुजू झाले. संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे त्यांना तेथे नोकरी करावयाची होती, आणि आरंभी महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून काम शिकावयाचे होते. वय २६, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला विद्वान. पण हिंदूंच्या भोजनगृहात त्यांना प्रवेश मिळणे अशक्य. अखेर एका पारशी सरायीत, पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया भोजन-निवासापोटी देण्याचे ठरवून ते राहिले. वरच्या मजल्यावर एक लहानशी निजण्याची खोली, शेजारी मोडक्या खुर्च्या-बाकांनी भरलेले मोठे दालन, आणि रात्री मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघत असता डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्याने वर आले आणि सायंकाळच्या आत निघून जा असे बजावून गेले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एकाने, आपण आलात तर माझे नोकर निघून जातील, असे सांगितले. दुसऱ्याने पत्नीचा विचार घेतला पाहिजे म्हणून वेळ मागितली. गाडीची वेळ होईपर्यंत आंबेडकर कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही हकिकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मनिवेदनात स्वतः लिहून ठेविली आहे. इतिहासाचे वर्ग घेताना मी ती दर वर्षी मुलांना सांगत असे. सरायीत खोल्या रिकाम्या होत्या, उमेदवार पैसे मोजावयास तयार होता, आणि तरीही दोन आठवड्यांचे बिऱ्हाड त्यास मिळू शकले नाही.

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून एकामागून एक जातवार वसतिगृहे काढली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह निघाले. जातवार का, असे आज कोणी विचारतो. त्याचे उत्तर बडोद्याच्या त्या सरायीत आहे.

स्त्रियांविषयी तर काय सांगावे? गाळा काय, कूड काय, दोन्ही पुरुषांची. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, पण ते पुढल्याच वर्षी पुण्यास गेले. गिरणगावात ज्या बाया पुरुषांना जेवू घालीत, त्यांची स्वतःची स्थिती मात्र सावकाराच्या मुठीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायांची 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ही संस्था उभी केली व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. याच संस्थेने पुढे वाशीस नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह चालविले, ही गोष्ट मला विशेष वाटते. ज्यांनी शंभर वर्षे उपऱ्यांना जेवू घातले, त्यांनीच अखेर उपऱ्या मुलींना छप्पर दिले!

सरकारनेही हात लावला नाही असे नव्हे. १८९६ च्या प्लेगाने डोळे उघडले आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या परळ येथील चाळीत आंबेडकरांचे बिऱ्हाड पुष्कळ वर्षे होते. १९२० नंतर बी. डी. डी.च्या चाळी झाल्या. पण या सर्व कायम बिऱ्हाडाच्या गोष्टी. दोन महिन्यांच्या भाडेकरूचे खरे नशीब ठरविले ते भाडेनियंत्रणाच्या कायद्यांनी. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूस बाहेर काढणे दुरापास्त झाले. गरिबास त्याचा आधार झाला, हे मान्य. परंतु १९७३ साली दुरुस्ती होऊन, त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस केवळ परवान्याने राहणारे लोकही भाडेकरू ठरले, तेव्हा घरमालकांनी धसका घेतला. परक्यास दोन महिने खोली द्यावी आणि त्याने जन्मभर ठाण मांडावे, या भीतीने कुलपे लागली. १९९९ च्या नव्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, मुदत संपताच जागा परत मिळण्याची सोय केली. तेव्हापासून अकरा महिन्यांच्या करारनाम्याची वहिवाट सर्वत्र रूढ झाली. दोन महिन्यांच्या उमेदवारास मात्र हा अकरा महिन्यांचा अंगरखा ढगळ होतो. अनामत रक्कम, दलालाची दलाली, नोंदणीचा खर्च. हे सारे साठ दिवसांसाठी कोण करणार? म्हणून तो 'कॉट बेसिस'वर जातो, म्हणजे एका खोलीत चार-सहा खाटा आणि दरमहा खाटेचे भाडे. गाळ्यात आणि यात अंतर इतकेच की, येथे शेजारच्या खाटेवरील माणसाचे नाव देखील ठाऊक नसते. नावाची चौकशी घरमालक मात्र करतो. गाव, आडनाव, मांसाहार, सगळे विचारून होते. त्या प्रश्नांमागे कोणता प्रश्न दडलेला असतो, हे श्रोत्यांस निराळे सांगावयास नको.

आमच्या मोहन्याने या प्रश्नास अंतराने उत्तर दिले. मुंबई जितकी दूर, तितके भाडे कमी. येथील रेयॉनच्या कारखान्याने एके काळी आपल्या कामगारांसाठी वसाहतच बांधली होती. कारखाना २००९ साली बंद पडला. वसाहतीतले दिवे एकेक करून मालवत गेले. भोवतालच्या चाळींत मात्र कोणाचा ना कोणाचा भाचा अजून उन्हाळ्यात येऊन राहतो.

आणि लालबागची ती खोली? चाळ पाडून तेथे उंच इमारत उठली आहे. खोलीच्या बदल्यात एक सदनिका मिळावयाची होती. पण भाड्याची पावती पूर्वापार एकाच गृहस्थाच्या नावे फाटत असे, कारण घरमालकास एकच नाव हवे होते. तो गृहस्थ वारला. त्याचे मुलगे म्हणतात, कागदावर आमच्या बापाचे नाव आहे. गावकीचे लोक म्हणतात, साठ वर्षे वर्गणी कोणी भरली? वर्गणीच्या वह्या गावच्या देवळात एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेविल्या आहेत. गेल्या शिमग्यास त्या उघडून पुन्हा वाचण्यात आल्या. माझे नाव त्यांत नाही, कारण मी वर्गणी दिली नव्हती. मामांचे आहे.