गंजाचे चिलखत

तलवारीचे कौतुक आपण मराठी माणसांनी पोटभर केले. बंदुकीच्या वाट्याला मात्र ते फारसे आले नाही. त्यातून ती ठासणीची, तोंडातून दारू आणि गोळी भरून गजाने ठासायची असली, तर तिला अडगळीचीच जागा. इतिहास शिकवताना मला मुले नेहमी एक प्रश्न विचारतात: ‘गुरुजी, तलवारी लखलखीत असतात, मग जुन्या बंदुकीची नळी अशी तपकिरी, गंजल्यासारखी का?’ प्रश्न भाबडा नाही. ती नळी गंजलेलीच असते, पण हौसेने, हिशेबाने गंजवलेली!

लोखंडाची नळी नुसती घासून झिलई दिली की आरशासारखी चमकते. दरबारात, मिरवणुकीत ती शोभते. पण शिकाऱ्याला आणि रानात दबा धरणाऱ्या शिपायाला ती चमक वैरीण. शिवाय रोज घासावे, तर रोज थोडे लोखंड झिजते. न घासावे, तर आमच्या गगनबावड्याकडचा पाऊस चार दिवसांत तिला खाऊ लागतो.

दुसरा मार्ग आचेचा. पॉलिश केलेले लोखंड सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवले की त्यावर मोरपंखी निळा रंग उमटतो. दिसायला देखणा, पण त्याचा थर अतिशय पातळ. हाताळून हाताळून तो लवकर उडतो.

तिसरा मार्ग धीराचा. नळीचा तेलकटपणा पार काढायचा, दोन्ही तोंडे आणि बत्तीचे छिद्र लाकडी खुंट्यांनी बंद करायचे आणि तेजाब, मोरचूद, मीठ अशा लोखंड खाणाऱ्या द्रव्यांचे पातळ पाणी फडक्याने फिरवायचे. दमट जागी ठेवली की तांबूस गंज फुलतो. तो तारेच्या कुंचल्याने हलकेच झाडायचा आणि पुन्हा पाणी फिरवायचे. असे अनेक दिवस केले की कौलासारखा घट्ट, एकसारखा रंग बसतो. मग गंजाची भूक मारण्यासाठी नळी धुऊन तेल किंवा मेण चोळायचे. प्रत्येक खेपेला उकळत्या पाण्यात बुडवली, तर तोच तांबडा गंज पालटून काळा होतो. काट्याने काटा काढावा, तसा गंजाने गंज अडवायचा!

यात आणखी एक खुबी आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने नळी घडवण्याची रीत दिली आहे: लोखंडाची पट्टी तिरपी गुंडाळत, कडेवर कड चढवून ती तापवून जोडायची. नळ्या साफ करण्यासाठी अकबराने गाईने ओढायचे चाक केले होते आणि त्यावर एका वेळी १६ नळ्या साफ होत, असेही तो सांगतो. अशा गुंडाळलेल्या नळीवर तेजाबी पाणी फिरले की लोखंडाचे पीळ लहरीलहरींनी उठून दिसतात. त्यालाच जौहर म्हणत. राखणही झाली आणि नक्षीही!

इंग्रजांनाही हा हिशेब पटला होता. १८००च्या सुमारास त्यांच्या हिरव्या पोशाखातल्या रायफलधारी पलटणींना बेकर रायफल मिळाली, तिची नळी तपकिरीच होती.

आता कोणी म्हणेल, एका नळीच्या रंगासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण बंदूक ही त्या काळी घराची इभ्रत होती. आमच्या करवीर राज्यात १८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवरचे गडकरी उठले. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातली २७वी पलटण उठली. त्याच वर्षी सरकारने परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यास बंदी केली, तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारे देण्याऐवजी प्राण दिले. पुढे १८७८चा शस्त्रांचा कायदा आला आणि उरलीसुरली हत्यारेही दृष्टीआड झाली. त्यातून जे वाचले, ते आज मोजकेच आहे.

आणि तेच आपण दर खंडेनवमीला विटेच्या भुकटीने, चिंचेने, पॉलिश कागदाने ‘स्वच्छ’ करतो! दीडशे वर्षे टिकलेला थर एका सकाळी जातो. त्याबरोबर नळीवरची पुसट अक्षरे, कारागिराची खूण, जौहराच्या लहरी, सारे जाते. पूजा शस्त्राची करायची आणि त्याची कातडीच सोलायची, हा कुठला न्याय?

ज्यांच्या घरी अशी परवान्याची वा वारशाची बंदूक असेल, त्यांनी आधी ती भरलेली नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. जुन्या नळीत विसरलेला बार असू शकतो. मग मऊ फडके आणि तेलाचे दोन थेंब, एवढेच पुरे. लाल, भुरभुरणारा, बोटाला लागणारा गंज तो शत्रू. घट्ट, गुळगुळीत, तपकिरी तो पहारेकरी. या दोहोंतला फरक ओळखायला शिकणे, हाही इतिहासाचा एक धडाच आहे. पुढच्या खंडेनवमीला विटेची भुकटी चुलीपाशीच राहू द्यावी.