क्रमांकाविना शर्यत : दीर्घ पल्ल्याच्या सायकलप्रवासाचा एक इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी 'सायकल' हा विषय निवडलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांच्या व्रताशी या दोन चाकांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु सायकलीच्या इतिहासात एक वाद सुमारे शंभर वर्षे चालत आला आहे, आणि तो वाद शाळेचाही आहे. लांबचा, अवघड पल्ला गाठणाऱ्या माणसाला आपण काय विचारावे? 'तुझा क्रमांक कितवा?' की 'तू पोहोचलास का?' वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न सारखे वाटतात. पण त्यांतून दोन वेगळ्या परंपरा निर्माण झाल्या. त्यांपैकी दुसऱ्या, तुलनेने कमी गाजलेल्या परंपरेविषयी मी आज बोलणार आहे.

या कथेचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. 'ल पती जुर्नाल' या पॅरिसच्या वृत्तपत्राचे संपादक प्येर जिफार यांनी सप्टेंबर १८९१ मध्ये पॅरिसहून अटलांटिक किनाऱ्याजवळच्या ब्रेस्त बंदरापर्यंत आणि तेथून परत पॅरिसला, अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत योजिली. हवेच्या रबरी टायरला त्या वेळी जेमतेम तीन वर्षे झाली होती. रस्ते कच्चे, दिवे मिणमिणते आणि सायकल वजनदार. शार्ल तेराँ हे ७१ तास २२ मिनिटांत परतले. वाटेत त्यांनी झोप घेतली नाही. आघाडीवर असलेला प्रतिस्पर्धी विसाव्यासाठी थांबला असताना रात्रीच्या अंधारात ते त्याच्या पुढे निघून गेले. वृत्तपत्राचा खप वाढला आणि सायकल ही केवळ हौशी मंडळींची करमणूक नसून दूरच्या प्रवासाचे साधन आहे, हे लोकांना पटले. तेराँ यांचे नाव इतिहासात राहिले. त्यांच्यानंतर कित्येक तासांनी, काही जण तर कित्येक दिवसांनी पोहोचले. त्यांची नावे मात्र आज कोणी घेत नाही.

यानंतर सहा वर्षांनी, १८९७ च्या जून महिन्यात, इटलीत निराळाच प्रयोग झाला. काही सायकलस्वार रोमहून नेपल्सपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर अंतर एका दिवसाच्या उजेडात तोडण्यासाठी एकत्र निघाले. येथे कोणाला हरवायचे नव्हते, सूर्य मावळण्याआधी पोहोचायचे होते. 'धाडसी' या अर्थाचा 'औदाक्स' हा लॅटिन शब्द त्यांच्या उपक्रमाला मिळाला, आणि तोच पुढे 'ऑडॅक्स' या उच्चाराने आपल्याकडेही आला. शर्यत आणि सहप्रवास असे दोन प्रवाह विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अशा रीतीने सिद्ध झाले होते.

विशेष म्हणजे फ्रान्समध्ये या दोन्ही प्रवाहांच्या मुखाशी एकच माणूस उभा होता. आंरी देग्रांज हे 'लोतो' या क्रीडापत्राचे संपादक. १९०३ साली त्यांनी 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली आणि १९०४ साली इटालियन धर्तीची ऑडॅक्स यात्रा फ्रान्समध्ये आणली. पण त्यांचे खरे प्रेम शर्यतीवर होते, आणि तीही शक्य तितकी कठोर असावी असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाची कसोटी पिरेनीज पर्वतात लागली.

सह्याद्रीच्या माथ्यावर, बेळगावात राहणाऱ्या आपणांस घाट म्हणजे काय, हे सांगायला नको. चोर्ला उतरले की गोवा आणि आंबोली उतरले की सावंतवाडी. परंतु पिरेनीजमधील तूर्माले हा घाट २११५ मीटर उंचीवर आहे; आपल्या महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १६४६ मीटरचे. १९१० साली या घाटावरून शर्यत नेता येईल का, हे पाहण्यासाठी देग्रांज यांचे सहकारी आल्फाँस स्तेनेस तेथे गेले. बर्फात त्यांची मोटार अडली आणि रात्री पायी जाताना ते मरता मरता वाचले. तरीही रस्ता उत्तम असल्याची तार त्यांनी पॅरिसला पाठविली! २१ जुलै १९१० रोजी ल्युशोंपासून बायोनपर्यंत ३२६ किलोमीटरचा तो टप्पा झाला. पेरसूर्द, आस्पँ, तूर्माले आणि ओबिस्क असे घाट एकापाठोपाठ एक. सायकलीला एकच गिअर. ओक्ताव्ह लापीझ कधी पॅडल मारीत, कधी सायकल ढकलीत ओबिस्कच्या माथ्यावर आले तेव्हा त्यांनी संयोजकांना उद्देशून 'खुनी' हा शब्द फेकला. तो टप्पा त्यांनीच जिंकला आणि त्या वर्षीची संपूर्ण शर्यतही. हेच लापीझ पुढे पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक झाले आणि १९१७ साली कामी आले.

तीन वर्षांनंतर, १९१३ मध्ये, याच तूर्मालेच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलीचा पुढचे चाक धरणारा चिमटा मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही, असा कडक नियम होता. सायकल खांद्यावर घेऊन ते काही कोस चालत सँत-मारी-द-काँपाँ या गावी आले. तेथल्या लोहाराच्या भट्टीत त्यांनी स्वतः लोखंड तापविले, ठोकले आणि चिमटा जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे एका पोराने भाता ओढला, म्हणून क्रिस्तोफ यांना दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो कमी करण्यात आला एवढेच. शर्यत त्यांच्या हातून गेली ती गेलीच. १९१९ साली आघाडीवीराची पिवळी जर्सी प्रथम त्यांच्याच अंगावर चढली आणि त्याही वर्षी चिमट्यानेच त्यांना दगा दिला. 'तूर' त्यांना कधीच जिंकता आली नाही. आज त्या गावात त्यांचे स्मारक आहे. गंमत पाहा, जिंकणाऱ्यांसाठी मांडलेल्या या शर्यतीत लोकांच्या मनात घर केले ते सायकल दुरुस्त करून पुढे निघालेल्या एका पराभूताने.

या कठोरपणाला उत्तर देणारा माणूस साँत-एत्येन या गावी राहत होता. त्यांचे नाव पॉल द व्हिव्ही. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत. १८५३ चा जन्म, आरंभी रेशमाचा व्यापार, मग सायकलीचे दुकान. १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले, तेच पुढे 'ल सिक्लिस्त' म्हणून नावारूपास आले. गावाबाहेरचा चढ हीच त्यांची प्रयोगशाळा. एकाच गिअरची सायकल सपाटीवर बरी चाले, परंतु घाटात गुडघे मोडी. शर्यतीतले स्वार चढाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढीत आणि दुसऱ्या बाजूचे मोठे दातेरी चक्र साखळीला लागेल असे फिरवून बसवीत. व्हेलोसिओ यांचे म्हणणे असे, की चालत्या सायकलीवरच साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर का सरकू नये? त्यामागचे तत्त्व सोपे आहे. पॅडलच्या एका फेरीत चाक कमी अंतर पुढे सरकले तर त्या फेरीला जोरही कमी लागतो. डोंगर तेवढाच उंच राहतो, एकूण श्रमही तेवढेच. पण ते शरीराला पेलतील अशा लहान हप्त्यांत वाटले जातात.

शिक्षकांना ही कल्पना ओळखीची वाटेल. अवघड धडा सोपा करणे म्हणजे तो गाळणे नव्हे. विद्यार्थ्याला झेपतील अशा पायऱ्यांनी त्याला तेथवर नेणे होय.

देग्रांज यांना मात्र हे मानवेना. १९०२ साली फ्रान्सच्या पर्यटन मंडळाने तूर्मालेवर सायकलींची परीक्षा घेतली. मार्त एस या महिलेने बदलत्या गिअरच्या सायकलीवर तो घाट चढून दाखविला. त्यावर देग्रांज यांनी लिहिले, की असले गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी वापरावेत. यंत्राच्या युक्तीपेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणे श्रेष्ठ. आपल्या शर्यतीत त्यांनी अशा गिअरना अखेरपर्यंत थारा दिला नाही. १९३६ मध्ये त्यांनी सूत्रे सोडली आणि १९३७ पासून 'तूर'मध्ये गिअर बदलण्याची सोय सर्वांना खुली झाली. व्हेलोसिओ ते पाहायला हयात नव्हते. १९३० साली आपल्याच गावात ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. ईस्टरच्या सुट्टीत मित्रांसह रात्रभर सायकल हाकीत दक्षिणेला प्रोव्हान्सच्या उन्हात जावे, वाटेत बेताने खावे-प्यावे, दमण्याआधी थांबावे आणि केवळ बढाईपोटी पॅडल मारू नये, ही त्यांची शिकवण त्यांच्या शिष्यांनी जपली.

याच सुमारास पॅरिसच्या ऑडॅक्स मंडळाने, १९२१ साली, एक नवी पद्धत आणली. इटालियन रीतीत सर्वांनी एका नायकामागे ठरलेल्या वेगाने जायचे असे. नव्या रीतीत प्रत्येकाला आपापल्या गतीची मोकळीक मिळाली. बंधन फक्त मुदतीचे. अशा स्वाराला 'रांदोनर', म्हणजे लांबची भटकंती करणारा, म्हणतात. १९३१ साली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसची वाट या हौशी प्रवाशांसाठीही खुली झाली. पुढे व्यावसायिकांची शर्यत बंद पडली आणि वाट हौशींकडेच राहिली. आज दर चार वर्षांनी जगभरातून हजारो स्वार तेथे जमतात. २०२३ साली तिची विसावी आवृत्ती झाली. मुदत ९० तासांची.

या पद्धतीचे नियम समजून घेण्यासारखे आहेत. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७, ६०० साठी ४० आणि १००० साठी ७५ तास. वाटेतल्या ठाण्यांवर एका पत्रिकेवर शिक्का घ्यायचा. ठाणे बंद होण्याची वेळ ठरलेली, तशीच उघडण्याचीही. म्हणजे वाजवीपेक्षा वेगाने आलेल्याला थांबून राहावे लागते. सोबत मदतीची मोटार चालत नाही. पंक्चर आपणच काढायचे, भूक आपणच भागवायची. आणि शेवटी निकालाच्या यादीत क्रमांक नसतात. ५० तासांत आलेला आणि ८९ तासांत आलेला एकाच यादीत, एकाच मानाने. पर्वत आणि समुद्र यांचा मेळ घालणारी पिरेनीजची यात्राही याच वृत्तीची. अटलांटिकच्या काठावरील आंदाय येथून निघून भूमध्य समुद्रावरील सेर्बेरपर्यंत सुमारे ७२० किलोमीटर अंतर, १८ घाट ओलांडून १०० तासांत पार करायचे. ज्या ओबिस्कवर लापीझ यांनी शिव्या दिल्या, तोही या वाटेवर आहे.

आपल्या देशातही या वृत्तीला जुना आधार आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले. वाळवंटे, पर्वत, अरण्ये यांतून त्यांनी वाट काढली. त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी नव्हता. अलीकडच्या काळात पॅसिफिक किनाऱ्यापासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची अमेरिकेची आडवी दौड आपल्या लोकांनी पूर्ण केली. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने, तर २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने. ती शर्यत खरी, क्रमांकाची. पण आपण त्यांचे कौतुक केले ते ठरलेल्या मुदतीत पोहोचल्याबद्दल. त्यांचा क्रमांक कितवा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, की स्पर्धा नसेल तर प्रगती होत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. तेराँ यांच्या विजयामुळे टायर सुधारले आणि 'तूर'मुळे सायकल घराघरांत पोहोचली. मुदत हीदेखील एक निष्ठुर गोष्ट आहे. ९० तास आणि वर पाच मिनिटे झाली तर ती दया दाखवीत नाही. परंतु एक भेद उरतो. क्रमांकाच्या शर्यतीत माझे यश दुसऱ्याच्या मागे पडण्यावर अवलंबून असते. मुदतीच्या यात्रेत मागून येणाऱ्याला मी थांबून पाणी दिले, तर माझे काही जात नाही. क्रिस्तोफ यांच्यासाठी भाता ओढणारा पोरगा पहिल्या जगात गुन्ह्याचे कारण ठरतो. दुसऱ्या जगातही लोखंड ज्याचे त्यालाच ठोकावे लागते, पण शेजारून जाणारा सहप्रवासी हात देऊ शकतो.

प्रत्येक शाळेत दोन नोंदी असतात. एक सभागृहातील फलक, ज्यावर दर वर्षी पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे नाव सोनेरी अक्षरांत चढते. दुसरी कार्यालयातील कपाटात असलेले जनरल रजिस्टर, ज्यात प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाचे नाव शाईने लिहिलेले असते. आज येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची नावे फलकावर नाहीत, रजिस्टरात आहेत. कोणी दुकान सांभाळले, कोणी शेती, कोणी रुग्णसेवा, कोणी घर. आपापल्या चढावर, आपापल्या गिअरमध्ये, त्यांनी आपला पल्ला गाठला. फलक काढून टाका, असे मी सुचवीत नाही. पुढल्या वर्षीच्या स्मृतिदिनी मात्र ते रजिस्टरही कपाटाबाहेर काढावे आणि त्यातील एखादे पान या व्यासपीठावरून मोठ्याने वाचावे, एवढी विनंती विश्वस्तांना करतो.