सुझलॉन एनर्जी : कर्जपुनर्रचना (२०१३ व २०२०)

पुण्यात मुख्यालय असलेल्या पवनचक्की-उत्पादक कंपनीच्या थकीत कर्जाची दोनदा केलेली फेरमांडणी. परतफेड पुढे ढकलणे आणि कर्जाचे भागभांडवल करणे हे दोन्ही उपाय एकाच ऋणकोवर झाल्याने अभ्यासकांना हे उदाहरण सोयीचे पडते.

पार्श्वभूमी : संस्थापक तुलसी तांती (१९५८–२०२२) मूळचे कापडधंद्यातले. वीजबिल परवडेना म्हणून त्यांनी स्वतःसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. १९९५मध्ये त्याच व्यवसायात उतरले. २००५मध्ये भागविक्री झाली. २००६मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही गिअरपेटी बनवणारी कंपनी ४६.५ कोटी युरोंना घेतली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या आरेव्हाशी चढाओढ करून जर्मनीच्या रेपॉवर या पवनचक्की-उत्पादक कंपनीचा ताबा मिळवला. या खरेद्यांमागे मोठे कर्ज होते. २००८मध्ये अमेरिकेत पात्यांना तडे गेले, १,२५१ पाती दुरुस्तीला काढावी लागली आणि त्याच वर्षी जागतिक मंदी आली. रेपॉवरकडे पैसा होता, पण तो पुण्याकडे वळवणे सोपे नव्हते.

पहिली पुनर्रचना : ऑक्टोबर २०१२मध्ये परदेशी रोखेधारकांनी चार महिन्यांची मुदतवाढ नाकारली आणि सुमारे २०.९ कोटी डॉलर थकले. २०१३मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकाराने सुमारे ९,५०० कोटी रुपयांच्या कर्जाला दहा वर्षांची मुदत, दोन वर्षांची सवलत आणि कमी व्याजदर मिळाला. मुद्दल मात्र जागच्या जागी राहिले. २०१५मध्ये रेपॉवर (तोवर नाव सेन्व्हियन) १०० कोटी युरोंना विकली. त्याच वर्षी सन फार्माचे दिलीप संघवी व सहकाऱ्यांनी १,८०० कोटी रुपये घातले. सेन्व्हियन २०१९मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेली, त्यामुळे ती विक्री वेळेवर झाली असे म्हणता येते. सुझलॉनने मात्र त्याच वर्षी, जुलैत, पुन्हा रोखे थकवले.

दुसरी पुनर्रचना : जून २०२०मध्ये लागू. कर्जाचा एक भाग नियमित मुदतकर्ज राहिला. उरलेल्यापोटी बँकांनी नाममात्र व्याजाची परिवर्तनीय ऋणपत्रे व भाग स्वीकारले. हप्त्याचा बोजा आता कंपनीच्या कमाईच्या आवाक्यात आला. खरा फरक येथे पडला. बँकांनी नेमके किती गमावले, याचा हिशेब त्यांनी ते भाग कधी विकले यावर बदलतो.

२०२२मध्ये आरईसी व इरेडा या सरकारी वित्तसंस्थांनी जुन्या बँकांची जागा घेतली. ऑक्टोबरात १,२०० कोटींची हक्कभाग विक्री ठरली होती. ती खुली होण्याच्या दहा दिवस आधी, १ तारखेला तांतींचे निधन झाले. विक्री तरीही ठरल्याप्रमाणे, ५ रुपये भावाने, पार पडली. ऑगस्ट २०२३मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांनी १७.५५ रुपये भावाने २,००० कोटी दिले.

तंत्रज्ञान : पाहा 'पवनचक्की'.

मालमत्ता : हडपसरचे 'वन अर्थ' हे मुख्यालय २०२४मध्ये ४४० कोटींना विकले, कंपनी तेथेच भाड्याने आहे.