चुलीपाशी परका माणूस

उज्जैनच्या फ्रीगंजात सकाळी पोह्यांचे ठेले लागतात. खाली उकळतं पाणी, वर पसरट भांड्यात पिवळ्याधमक पोह्यांचा ढीग. वाफेवर ते तासन्‌तास मऊ राहतात. प्लेटमध्ये पडताना त्यांवर शेव येते, जिरावन मसाला भुरभुरला जातो, कच्चा कांदा आणि लिंबू येतं, आणि बाजूला जिलबी. पुण्याहून महाकालच्या दर्शनाला आलेला माणूस पहिल्याच घासाला थबकतो. ह्यात बडीशेप कुठून आली, आणि ओलं खोबरं कुठं गेलं? पोहे माळव्यात मराठ्यांबरोबर आले असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आले असतीलही, पण इथल्या हातांनी ते पार बदलून टाकले. कोणी कोणाला शिकवले, कधी शिकवले, याची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

मराठी माणूस उज्जैनला आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. बाजीराव पेशव्यांच्या काळात माळवा वाटला गेला तेव्हा उज्जैन राणोजी शिंद्यांकडे आलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. पुढे दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरजवळ लष्करला मुक्काम हलवला आणि उज्जैनचं राजधानीपण गेलं. कारकून, भिक्षुक, वैद्य आणि शिलेदारांची घरं मात्र मागे राहिली. रुळांच्या पलीकडे सरळ रस्त्यांची नवी वस्ती झाली ती फ्रीगंज, म्हणजेच माधवनगर. शिंद्यांच्या राजवटीची खूण त्या नावातच आहे. मराठी घरातून आलेले आणि हिंदीत मोठे कवी झालेले गजानन माधव मुक्तिबोध याच शहरात माधव कॉलेजात शिकले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषा घेतल्या, यात माळव्यातल्या मराठी कुटुंबांना नवल वाटत नाही.

भाषेचं जे झालं ते स्वयंपाकाचं इतकं सहज होणं शक्य नव्हतं. भाषा अंगणात शिकता येते, स्वयंपाक शिकायचा तर चुलीपर्यंत जावं लागतं, आणि चूल सोवळ्यात होती. पाहुणा पंगतीला बसे, आग्रहानं वाढलेलं खाई, हात धुऊन ओसरीवर येई. आतल्या खोलीचा उंबरा परजातीच्या माणसानं ओलांडायचा नाही, हा नियम शेजारणीलाही लागू होता.

या नियमाचं एक गमतीदार चित्र उज्जैनहून जेमतेम 40 किलोमीटरवरच्या देवासमध्ये उमटलं आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1912 च्या अखेरीस तिथे तिसऱ्या तुकोजीराव पवारांचा पाहुणा होता. दरबारी मेजवानीत त्याला देशी कपडे घालून बसवलं. घरी लिहिलेल्या पत्रात त्यानं समोरच्या ताटाचा नकाशाच काढला: प्रत्येक वाटीला आणि ढिगाला आकडा, खाली आकड्यांप्रमाणे वर्णन. 1921 मध्ये तो पुन्हा आला, महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला, आणि 1953 मध्ये ही पत्रं ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापली गेली. वर्णन चविष्ट आहे, विनोदी आहे, आणि सगळं ताटापाशी थांबणारं आहे. भाताचे ढीग किती आणि कोणते हे त्याला सांगता आलं. त्यातला गोड भात कसा केला, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. जगातल्या बहुतेक प्रवाशांचं दुसऱ्याच्या अन्नाशी नातं शतकानुशतकं एवढंच होतं.

मग पदार्थ एका घरातून दुसऱ्या घरात गेले कसे? बरेचसे रस्त्यावरून गेले. ठेला, हलवाई, जत्रेतली कढई ही सोवळ्याच्या बाहेरची स्वयंपाकघरं होती, तिथं उभं राहून बघता येत असे. दाल-बाफल्यांसारखे पदार्थ सामुदायिक जेवणांतून पोचले असणार. बाफल्याचा गोळा आधी पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायचा आणि तुपात बुडवायचा. हे काम उघड्यावर आणि पुरुषांच्या हातून होतं, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

राजांची गोष्ट वेगळी. त्यांना उंबरा आडवा येत नसे, आडवे येत ते कृती गुपित ठेवणारे आचारी. रतलामजवळचं सैलाना हे माळव्यातलं छोटंसं राजपूत संस्थान. तिथले राजे दिलीपसिंह स्वतः पळी हातात धरत आणि ठिकठिकाणच्या पाककृती जमवत. हा छंद मुलात उतरला. दिग्विजयसिंहांनी 1982 मध्ये तो संग्रह इंग्रजीत पुस्तकरूपानं काढला आणि राजवाड्यांतल्या कृती कुणालाही विकत घेता येऊ लागल्या. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द 1798 ते 1832) हेच दीडशे वर्षं आधी केलं होतं. त्यांच्या पदरी तयार झालेल्या ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या हस्तलिखितात मराठी घरच्या पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीचे पदार्थही आहेत. मिशनरी गुरूच्या हाताखाली वाढलेल्या या राजाला परक्या चवीचं कुतूहल होतं आणि ते लिहून ठेवण्याची शिस्तही होती.

सामान्य घरात ही शिस्त छापखान्यानं आणली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 मध्ये आलं. पाठारे प्रभू घरातल्या या बाईंच्या पुस्तकात मासे-मटणाच्या शेजारी केक-पुडिंगही आहेत. योगायोग असा की त्याच्या एखाद-दोन वर्षं आधी, 1908-09 मध्ये, बँकॉकमध्ये प्लियन भासकरवोंग या सरदार घराण्यातल्या बाईंनी ‘मे ख्रुआ हुआ पा’ हे सयामी पाकशास्त्र पुस्तकरूपात काढलं. दोघींना एकमेकींचा पत्ता असणं अशक्य. पण दोघींनी एकच काम केलं: आई-मुलीत किंवा सासू-सुनेत फिरणारी विद्या अनोळखी वाचकासाठी मोकळी केली. सयामात तर राजवाड्याच्या अंतर्गृहातली पाककला ही त्या भिंतींआडच्या स्त्रियांचीच मिरास होती.

महाराष्ट्रात पुढची पायरी शाळेची होती. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि 1916 मध्ये त्यांचं महिला विद्यापीठ सुरू झालं. दिल्लीत 1932 मध्ये लेडी आयर्विन कॉलेज निघालं. गृहशास्त्र म्हणून पाककला फळ्यासमोर शिकवली जाऊ लागली. 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं, त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी ‘अंदाजानं’ या शब्दाची दहशत संपवली, आणि आईपासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींच्या सामानात ते जाऊ लागलं. एवढं होऊनही एक गोष्ट राहिलीच. पुस्तक माप सांगतं, वाटण किती बारीक हवं ते बोटांना सांगत नाही.

इथं थायलंडची, म्हणजे जुन्या सयामची, गोष्ट जुळते, आणि ती मिरचीपासून सांगायला हवी. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का घेतलं, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत दुआर्ते फर्नांदिस अयुथ्थयाला सयामच्या राजाकडे पोचला. अमेरिकेतली मिरची आशियाच्या या किनाऱ्यांवर आली ती पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेनं. त्याआधी तिखटाला इथंही मिरी आणि तिथंही मिरीच. गोव्याचं आंबट-तीख आणि बँकॉकचं सूप यांच्या झणझणीतपणामागे एकच पुरवठादार आहे. अयुथ्थयाच्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पुढे मारिया गुयोमार ही जपानी-पोर्तुगीज वंशाची बाई काम करत होती. अंड्याच्या बलकाच्या सोनेरी तारांची जी मिठाई आज अस्सल थाय म्हणून मिरवते, तिचं श्रेय मारियाला दिलं जातं. मूळ पदार्थ पोर्तुगीज.

मसामन या थाय रश्श्याकडे पाहिलं तर माळव्यातला मराठी माणूस चमकेल. दालचिनी, लवंग, वेलची, जिरं असा मुसलमानी व्यापाऱ्यांच्या वाटेनं आलेला मसाला, त्यात आज बटाटा, शेंगदाणे आणि मिरची. ही शेवटची तीन नावं साबुदाण्याच्या खिचडीतही आहेत, आणि तिन्ही अमेरिकेतून आलेली आहेत. चौथा घटक साबुदाणा. तो आज कसाव्याच्या कंदापासून होतो, म्हणजे तोही मूळचा अमेरिकेचाच. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातली आयात तुटली तेव्हा तमिळनाडूत सेलमकडे त्याचा धंदा उभा राहिला. थायलंड आजही कसाव्याच्या मालाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. एकादशीच्या सोवळ्यातल्या खिचडीत तुपा-जिऱ्याखेरीज देशी असं फारसं काही नाही, हे सांगून कुणाचा उपास मोडायचा नाही. एवढंच की चुलीपाशी माणूस अडवला जात होता, माल नाही.

माणूस आत घेतला गेला तो अगदी अलीकडे. बँकॉकच्या ओरिएंटल हॉटेलनं 1980 च्या दशकात पाहुण्यांसाठी पाककलेचे वर्ग सुरू केले. ती श्रीमंतांची हौस होती. पाठीवर बोचकं घेऊन फिरणाऱ्यांसाठी हे दार उघडलं उत्तरेत, चिआंग माईला. तिथे सोमपोन नबनियन यांनी पत्नीसह 1993 मध्ये पर्यटकांसाठी पाकशाळा काढली. ती चालली, आणि बघता बघता शहरात अशा शाळांचं पीक आलं. 2002 पासून थाय सरकारनंच परदेशांत थाय उपाहारगृहं वाढवण्याची मोहीम हाती घेतली. मग जेवून आवडलेला पदार्थ करून बघायला लोक थेट त्या देशात येऊ लागले.

वर्गाचा साचा साधारण ठरलेला असतो. सकाळी बाजारात फेरी: गवती चहाच्या काड्या, आल्याचा पांढरट चुलतभाऊ गलांगल, मकरूत लिंबाची जोडपानं, माशाचं पाणी, कोळंबीची खारवलेली चटणी. मग ओळीनं शेगड्या, प्रत्येकाला एप्रन, चिरलेल्या भाज्यांच्या वाट्या तयार. यातलं बरंचसं नाटक आहे, हे कबूल करायला हवं. भाजी चिरून देणारी, भांडी घासणारी माणसं पडद्यामागे असतात, कुणाचाच रस्सा फसत नाही, आणि शेवटी प्रत्येकाचा फोटो निघतो. खलबत्ता मात्र नाटकी नाही. ग्रॅनाइटचा तो जड खल समोर येतो तेव्हा हात दुखतातच. आधी धणे-जिरं-मिरी, मग मीठ घालून चिवट काड्या आणि गलांगल, कोथिंबिरीची मुळं, मिरच्या, शेवटी पाणी सुटणारे लसूण-कांदे. क्रम चुकला तर वाटण उडतं आणि बारीक होत नाही. त्यानंतर नारळाचं दाट दूध कढईत फुटून तेल सुटेपर्यंत परतायचं आणि त्यातच वाटण घालायचं. पाट्यावर वाटण केलेल्या कोकणातल्या आजीला यातलं अर्धं समजावून सांगावं लागणार नाही. मिक्सरवर वाढलेल्या नातीला सगळंच सांगावं लागतं.

10 नोव्हेंबर 2023 पासून थायलंडनं भारतीयांना व्हिसाची अट काढली, आणि 2024 मध्ये 20 लाखांहून अधिक भारतीय तिथं गेले. त्यांतले शाकाहारी पाकशाळेत शिरले की पहिली अडचण चटणीचीच येते, कारण वाटणात कोळंबी आणि रश्श्यात माशाचं पाणी. शाळा त्याऐवजी आंबवलेल्या सोयाबीनचा सॉस आणि मीठ देतात. सामान परत आल्यावर शोधायचं तर तेही फार अवघड नाही. गवती चहा मराठी घराच्या कुंडीतच असतो. गलांगलाच्या जातीचं कुलिंजन काष्ठौषधीच्या दुकानात सुकलेलं मिळतं. ताडगुळाऐवजी साधा गूळ चालतो. कोथिंबिरीची मुळं मंडईतल्या जुडीला आयती असतात आणि घरोघर कापून फेकली जातात. अडून बसतं ते फक्त मकरूत लिंबू.

ज्यांना कांदा-लसूणही नको, त्यांची सोय थायलंडात आधीपासून आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात तिथे ‘जे’ नावाचं व्रत पाळलं जातं, ठेल्यांवर पिवळे झेंडे लागतात आणि मांस-मासळीबरोबर कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही वर्ज्य होतात. फुकेतमध्ये हा उत्सव एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. आपल्या चातुर्मासाच्या उत्तरार्धात तो साधारण येतो. फ्रीगंजातलं वैष्णव घर या यादीवर खूश होईल. जैन घराचं काम मात्र तेवढ्यानं भागत नाही: गलांगल कंद आहे, आणि कोथिंबिरीचं मूळ म्हणजे मूळच. हिरव्या वाटणात मग मिरची, गवती चहा आणि धणे-जिरं-मिरी एवढंच उरतं. सुंठ आणि हळद बऱ्याच जैन घरांत सुकलेली म्हणून चालते. त्याच न्यायानं सुकलेलं कुलिंजन चालावं की नाही, हे बँकॉकच्या पाकशाळेतल्या गुरूला ठरवता येणार नाही. ते उज्जैनमधल्या सासूबाईंना विचारावं लागेल.