सुगंध आणि विश्रांति

दमून घरीं आलेल्या माणसास सुगंधानें बरें वाटतें, हें आपणांस नव्यानें सांगावयास नको. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत 'बृहत्संहितें'त 'गंधयुक्ति' हें स्वतंत्र प्रकरणच लिहिलें. 'गंधवाद' नांवाच्या जुन्या ग्रंथावर तर मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. परंतु आज जिला 'अरोमाथेरपी' म्हणतात, त्या सुगंधोपचाराचा उगम मात्र एका जखमेंत आहे.

रने-मोरिस गातफोसे हे फ्रान्समधील लियों शहरचे रसायनज्ञ. घरचा व्यवसाय सुगंधी द्रव्यांचा. १९१० सालीं प्रयोगशाळेंत स्फोट होऊन त्यांचे हात भाजले. जळता हात त्यांनीं लॅव्हेंडरच्या भांड्यांत बुडविला, अशी कथा पुढें रूढ झाली. त्यांनीं स्वतः लिहिलेली हकीकत निराळी आहे. गवतावर लोळून त्यांनीं ज्वाळा विझविल्या. मागाहून जखमा चिघळून मांस सडूं लागलें, तेव्हां लॅव्हेंडरच्या तेलानें त्या धुतल्या आणि सडणें थांबलें. १९३७ सालीं त्यांनीं पुस्तक लिहून या विद्येस तिचें नांव दिलें. त्यांत मुख्य भर रोगोपचारावर होता.

विश्रांतीचें वळण तिला मार्गरिट मोरी या बाईंनीं दिलें. हीं तीव्र तेलें साध्या वनस्पतिजन्य तेलांत थोडीथोडी मिसळून त्यांनीं तीं अंगमर्दनास वापरलीं. १९६१ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. हें ऐकून आपल्या दिवाळींतील अभ्यंगाची आठवण कोणास होणार नाहीं?

यामागचें कारण आतां पुष्कळसें उमगलें आहे. गंधाची संवेदना मेंदूंतील भावना व स्मृति यांच्या केंद्रांशीं इतर संवेदनांहून जवळच्या वाटेनें पोंचते. ज्या गंधाच्या सान्निध्यांत आपण रोज स्वस्थ बसतों, त्याच्याशीं ती स्वस्थता हळूहळू जोडली जाते. पुढें तो गंध येतांच मन निवळूं लागतें. म्हणून महागडी कुपी विकत घेतली, कीं विश्रांति घरांत आली, असें समजूं नये. ती अभ्यासानें शिकावी लागते. सुगंध तिची खूण तेवढी होतो. ठराविक वेळ, रुमालावर एक-दोन थेंब आणि संथ श्वास, एवढें साहित्य पुरे. मात्र निर्भेळ तेल पोटांत घेऊं नये, त्वचेवर तसेंच चोळूं नये, मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. आणि दुखण्यासाठीं वैद्याकडे जाणें लांबणीवर टाकूं नये. एवढी मर्यादा सांभाळल्यास हा लहानसा नेम कोणत्याही घरांत चालविण्याजोगा आहे.