परदेशांतील विद्यार्थी आणि घरचा धर्म

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरून एखादा मुलगा किंवा मुलगी विद्याभ्यासासाठीं परदेशीं गेलेली असेल. निघण्याच्या आदल्या रात्रीं घरांत काय चालतें, हें मीं सांगावयास नको. पेटींत लोणच्याची बरणी जाते, देवाची लहानशी तसबीर जाते, आणि वडीलधाऱ्यांचा उपदेश तर पेटी बंद झाल्यावरहि चालूच असतो. हें खाऊं नकोस, तें पिऊं नकोस, आपली रीत सोडूं नकोस. मास्तर या नात्यानें मींहि असा उपदेश अनेकांना केला आहे. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुरतेंच. विलायत मीं नकाशावर पाहिली आणि नकाशावरच शिकविली. परंतु एका जुन्या विद्यार्थ्याचें जर्मनींतून पत्र आलें आणि मी या विषयाच्या वाचनाकडे वळलों. त्यानें लिहिलें होतें, "गुरुजी, मी येथें संध्याकाळीं खोलींत दिवा लावून हात जोडतों. शेजारच्या मुलानें त्याचा अर्थ विचारला. मला सांगतां आला नाहीं. आपण सांगाल का?" पस्तीस वर्षें मुलांकडून श्लोक पाठ करून घेतले, पण या साध्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ तयार नव्हतें.

असा प्रश्न परक्या मुलखांत आपल्या विद्यार्थ्यांना पूर्वींपासून विचारला गेला आहे. त्यांतील कांहींनीं त्याला काय उत्तर दिलें, तें आज आपणांपुढें ठेवावें असा विचार आहे.

प्रथम आनंदीबाई जोशी यांची गोष्ट घेऊं. त्यांचे पति गोपाळराव यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं एका अमेरिकन मिशनऱ्याकडे साह्य मागितलें, तेव्हां ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची सूचना त्यांना मिळाली. तो पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका धार्मिक नियतकालिकांत छापला गेला. मौज अशी कीं, तोच वाचून न्यू जर्सी प्रांतांतील कार्पेंटर नांवाच्या बाईंना या अनोळखी मुलीविषयीं माया वाटली, आणि त्यांनीं कोणतीहि अट न घालतां तिला आपल्या घरीं बोलाविलें. १८८३ च्या फेब्रुवारींत बंगालमधील श्रीरामपूर येथें आनंदीबाईंनीं इंग्रजींत जाहीर भाषण केलें, आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं असें निक्षून सांगितलें. वय अठरा वर्षांचेंहि पुरतें झालेलें नव्हतें.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत त्या दाखल झाल्या. थंडीच्या त्या प्रदेशांतहि त्यांनीं लुगडें व शाकाहार सोडला नाहीं. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. पदवीच्या प्रबंधासाठीं त्यांनीं विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परक्या विद्यालयांत बसून या मुलीनें आपलेच जुने ग्रंथ उघडले. ज्या परंपरेचा अभिमान त्या श्रीरामपुरास बोलल्या, त्या परंपरेंत काय लिहिलेलें आहे हें पाहाण्याची पाळी त्यांच्यावर अमेरिकेंत आली. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास त्यांचा अंत झाला.

त्या पदवीदानाच्या प्रसंगीं सभागृहांत आणखी एक महाराष्ट्रीय स्त्री बसली होती, ती म्हणजे पंडिता रमाबाई. आनंदीबाईंची ती दूरची आप्त. तीहि १८८३ सालींच शिक्षणासाठीं इंग्लंडास गेली आणि त्याच वर्षीं वाँटेज येथें तिनें बाप्तिस्मा घेतला. पुण्यांत केवढा क्षोभ झाला! पण रमाबाईंनीं घरचा धर्म न वाचतां सोडला असें कोणास म्हणतां येणार नाहीं. पुराणें त्यांना मुखोद्गत होतीं, आणि 'पंडिता' ही पदवी त्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनीं दिली होती. शिवाय नवा धर्म घेतल्यावरहि त्यांनीं आपली बुद्धि दुसऱ्याच्या हवालीं केली नाहीं. तेथील ख्रिस्ती गुरुभगिनींशीं त्यांनीं धर्ममतांवर पत्रांतून रोखठोक वाद केला, आणि शाकाहारहि चालू ठेवला. एकाच सभागृहांत बसलेल्या या दोघींचे मार्ग भिन्न. आपल्या घरांतून आजहि एकीची स्तुति होते आणि दुसरीचें नांव काढतांच आवाज खालीं येतो. मला मात्र दोघींत एक साम्य दिसतें. विचारलेल्या प्रश्नाला दोघींनींहि बगल दिली नाहीं.

आतां लंडनकडे वळूं. १८८८ च्या सप्टेंबरांत मोहनदास गांधी मुंबईहून बोटीवर चढले, ते मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ आईसमोर घेऊनच. मुंबईंतील जातपंचायतीनें त्यांना बहिष्कृत ठरविलें आणि निरोप द्यावयास धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड फर्माविला. पुढें लंडनांत उपाशी फिरतां फिरतां त्यांना एक शाकाहारी भोजनगृह सांपडलें, आणि तेथेंच सॉल्ट नांवाच्या इंग्रज लेखकाचें शाकाहाराचें पुस्तक मिळालें. तें वाचल्यानंतर आपण समजून उमजून शाकाहारी झालों, असें त्यांनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे. तोंवर ती आईला दिलेल्या वचनाची बाब होती. तेथून पुढें ती त्यांच्या स्वतःच्या निश्चयाची झाली.

गीतेचेंहि तसेंच झालें. थिऑसफी पंथाचे दोघे बंधु एडविन अर्नोल्ड यांनीं केलेलें गीतेचें इंग्रजी पद्यरूपांतर वाचीत होते. त्यांनीं गांधींना मूळ गीता आपल्याबरोबर वाचण्यास बोलाविलें, तेव्हां या हिंदु तरुणाला लाज वाटली. कारण गीता त्यानें संस्कृतांत वाचली नव्हती आणि गुजरातींतहि नव्हती. हे अर्नोल्ड एकेकाळीं पुण्याच्या कॉलेजचे मुख्य होते, हें ऐकून आपणांस गंमत वाटेल. पुण्यास राहून गेलेल्या इंग्रजानें रचलेली गीता काठेवाडच्या मुलाला लंडनांत भेटली! त्याच काळांत बायबलांतील गिरिप्रवचनहि त्यांच्या हृदयास भिडलें. १८९१ सालीं परत आल्यावर वडील बंधूंनीं त्यांना नाशिकास नेऊन गोदावरींत स्नान घडविलें. स्नानानें जातीचा एक भाग शांत झाला, दुसरा झाला नाहीं. परंतु लंडनांत जें वाचलें व पटलें होतें, तें गोदावरींत धुऊन जाणार नव्हतें. जाण्याचें कारणहि नव्हतें.

तिसरें उदाहरण विठ्ठल रामजी शिंदे यांचें. जमखंडीच्या वारकरी घरांतला हा मुलगा प्रार्थनासमाजांत आला आणि १९०१ सालीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत गेला. तेथें त्यांनीं निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. १९०३ सालीं परतण्यापूर्वीं आम्स्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेंत त्यांनीं हिंदुस्थानांतील उदार धर्मावर निबंध वाचला. पण धर्माचा अभ्यास करून आलेला हा विद्यार्थी नुसत्या व्याख्यानांवर थांबला नाहीं. १९०६ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं मुंबईस परळ येथें अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं शाळा काढून डिप्रेस्ड क्लासेस मिशनचें काम सुरू केलें.

आणि येथें, श्रोते हो, एक कडू गोष्ट सांगणें भाग आहे. १९१३ सालीं बडोदें सरकारची शिष्यवृत्ति घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें १९१६ च्या मे महिन्यांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे कीं, युरोप-अमेरिकेंतील वास्तव्यांत आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच मनांतून पुसली गेली होती. १९१७ सालीं नोकरीसाठीं ते बडोद्यास उतरले, तेव्हां त्यांना राहावयास कोठेंहि जागा मिळेना. अखेर पारशी नांव सांगून ते एका पारशी उतारशाळेंत राहिले, आणि अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना तेथून निघावयास लावलें. परदेशीं गेल्यानें मुलगा धर्म विसरेल, ही भीति आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली. पण परत आल्यावर त्याला आपल्या धर्माचें कोणतें रूप दिसेल, याची लाज आपल्यांतील किती जणांना वाटली?

या सर्वांची उत्तरें सारखीं नाहींत. एकीनें धर्म राखला, एकीनें बदलला, एकानें तो नव्यानें वाचला, एकानें त्याला शाळेंत राबविलें, आणि एकानें त्याची कठोर तपासणी करून १९५६ सालीं नागपुरास बुद्धाची वाट धरली. पण आपल्या घरीं जे उपदेश होतात त्यांतील एकहि त्यांच्या कामीं पुरता आला नाहीं. शपथ गांधींना आधार झाली खरी. पण अर्थ त्यांना स्वतःच शोधावा लागला.

माझ्या विद्यार्थ्याला मीं आठ दिवसांनीं उत्तर लिहिलें. प्रथम हें कबूल केलें कीं, मीं याचा विचार केला नव्हता, आणि त्याला शिकविलें नाहीं हा दोष माझा. मग आईचें आठवलें तें लिहिलें. दिवा लागला कीं घरांतील भांडण थांबे, बाहेर गेलेल्यांची आठवण निघे, आणि शेजारघरीं कोणी आजारी असेल तर त्याच्यासाठींहि हात जोडले जात. अंधार पडतांना सर्वांचें बरें चिंतावें, एवढा अर्थ मला लागला. तुझ्या शेजाऱ्याला हें सांग, आणि त्याच्या घरीं त्या वेळीं काय करतात तेंहि विचारून मला कळव, असें शेवटीं लिहिलें.

त्याचें उत्तर आलें आहे. पण तें सांगण्यापेक्षां आपणांस एक विनंति करतों. पुढच्या वेळीं आपल्या घरीं पेटी भरली जाईल, तेव्हां उपदेश घटकाभर थांबवावा, आणि जाणाऱ्या मुलाला विचारावें, "आपल्या घरांतील कोणती गोष्ट तुला समजलेली नाहीं?" उत्तर देतां आलें नाहीं तरी चालेल. दोघांनीं मिळून तें शोधावयास ती एक रात्र पुरणार नाहीं. म्हणून प्रश्न आजच विचारलेला बरा.