मुंबईचा पुढारी आणि सिडनीचा विजेता

बाहेर चंदीगडचं धुकं आहे. समोरच्या चौकातला सिग्नल दिसत नाहीये, त्यामुळे आज बाहेर कुठे जायचं नाही. निवांत बसून एका शर्यतीची गोष्ट सांगते. मोटारीच्या शर्यतीची.

"ताई, तुमचा विषय इतिहास, मोटारी मध्येच कुठून आल्या?" असं कुणी म्हणेल. सांगते. अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती होतात. 'स्टॉक' म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी गाडी, खास शर्यतीसाठी घडवलेली नव्हे. आज ते नुसतं नावापुरतं उरलंय, पण सुरुवात तशी होती. या शर्यतींत गाड्या एकमेकींवर आदळतात, पुढे असलेले मातब्बर एकेक करून बाद होतात आणि ज्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं तो जिंकतो. २०११ ची डेटोना ५०० ट्रेव्हर बेन नावाच्या पोरानं जिंकली, तेव्हा त्याला वीस वर्षं पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता.

आपल्याकडे असं काही झालंय का, हे शोधायला लागले आणि थेट मुंबईच्या गोदीत पोचले. साल १९६८.

त्या वर्षी २४ नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या निघाल्या. जायचं होतं सिडनीला. वाटेत फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, मग दिल्ली, मग मुंबई. मुंबईत गाड्या बोटीवर चढवायच्या, ऑस्ट्रेलियात पर्थजवळ उतरवायच्या आणि तिथून वाळवंट, डोंगर ओलांडत सिडनी गाठायची. एकूण अंतर साधारण १० हजार मैल, पहिलं बक्षीस १० हजार पौंड. पैसा दोन वर्तमानपत्रांचा, लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस'चा आणि सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ'चा. १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं होतं आणि इंग्लंडात सगळ्यांची तोंडं उतरली होती. लोकांना जरा उभारी यावी आणि इंग्रजी गाड्यांची जगभर जाहिरात व्हावी, असा 'एक्स्प्रेस'च्या मालकांचा, सर मॅक्स एटकिन यांचा, हिशेब होता.

गाड्या कसल्या? लोक ऑफिसला नेतात तसल्या. ऑस्टिन, फोर्ड कोर्टिना, व्होल्वो, सिट्रोएन. रशियानं चार मॉस्कविच पाठवल्या होत्या. कुणी एक हौशी माणूस १९३० सालची बेंटली घेऊन आला होता, ती तुर्कस्तानात रस्ता सोडून खाली गेली. ऑस्ट्रेलियात कांगारू आडवे येतात म्हणून बऱ्याच गाड्यांना पुढे लोखंडी गजांचा पिंजरा बसवलेला होता. आयर्लंडच्या रोझमेरी स्मिथच्या कोर्टिनाचं इंजिन इतकं दमलं, की घाटाचा चढ तिनं रिव्हर्समध्ये चढवला, असं ती पुढे सांगत असे. रिव्हर्स गिअरला ताकद जास्त असते. आपल्याकडच्या घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांना हे सांगायला नको.

नियम सोपा होता. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत पोचायचं. जितकी मिनिटं उशीर, तितके दंडाचे गुण, आणि ज्याचा दंड सगळ्यांत कमी तो जिंकला. म्हणजे शर्यत असली तरी पहिला नंबर मिळतो तो सगळ्यांत कमी चुकणाऱ्याला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. काबूलजवळच्या सरोबीहून दिल्लीपर्यंत यायला त्यांना साधारण १८ तास दिले होते. खैबर खिंड, रावळपिंडी, लाहोर, आणि सीमा ओलांडून पंजाब. मी बसलेय तिथून लाहोर अडीच-पावणेतीनशे किलोमीटर असेल. १९६५ चं युद्ध होऊन तीनच वर्षं झाली होती, तरी लंडनची नंबरप्लेट लावलेली गाडी सरळ या रस्त्यानं दिल्लीला येऊ शकत होती. माझ्या पुतण्याला हे सांगितलं तर त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

दिल्ली ते मुंबई साधारण २३ तास. मुंबईत ७२ गाड्या पोचल्या. गंमत अशी, की बोटीवर जागा सत्तरच गाड्यांची ठरली होती. शेवटी दोन जास्तीच्या बसवून घेतल्या. आमचे एक नात्यातले काका तेव्हा गोदीत होते. ते सांगायचे, "चिखलानं माखलेल्या गाड्या दोरखंडानं उचलून वर घेत होते आणि साहेब लोक खाली उभे राहून लहान मुलासारखे जपून बघत होते." 'चुसान' हे त्या बोटीचं नाव. ५ डिसेंबरला पहाटे ती मुंबईहून सुटली.

मुंबईत गुणांचा तक्ता लागला तेव्हा पहिला होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क, लोटस कोर्टिना घेऊन. दुसरे स्टापेलार आणि लाम्पिनेन, जर्मन फोर्डमध्ये. तिसरे बेल्जियमचा लुसिअं बियांकी आणि फ्रान्सचा जाँ-क्लोद ओजिए, सिट्रोएन डीएस २१ मध्ये. बियांकी काही ऐरागैरा नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरमध्ये, त्यानं ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली होती. मुंबईच्या त्या तक्त्यावर पैज लावायची झाली असती, तर सगळ्यांनी या तिघांपैकीच कुणावर तरी लावली असती. अँड्र्यू कॉवनचं नाव त्यांत नव्हतं.

कॉवन हा स्कॉटलंडचा शेतकरी. डन्स नावाच्या गावाजवळचा. फॉर्म्युला वनचा जगज्जेता जिम क्लार्क त्याच भागातला, शेतकरीच, कॉवनचा दोस्त. तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॉकेनहाइमच्या शर्यतीत गेला होता. कॉवनची गाडी हिलमन हंटर. नाव शिकाऱ्याचं, दिसायला सज्जन कारकुनाची. हीच गाडी इराणमध्ये 'पेकान' नावानं २००५ पर्यंत बनत होती. कॉवननं कंपनीकडे म्हणे वेगवान गाडी मागितलीच नाही. शेवटची आली तरी चालेल पण सिडनीला पोचेल अशी गाडी द्या, म्हणाला. बरेचसे पोचणारच नाहीत, हा त्याचा अंदाज. सोबत कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉयल.

१४ डिसेंबरच्या संध्याकाळी पर्थहून दुसरा टप्पा सुरू झाला. तीन दिवसांपेक्षा कमी वेळात साधारण साडेपाच हजार किलोमीटर, त्यातला मोठा भाग कच्चा रस्ता. झोप गाडीतच, आळीपाळीनं.

आधी क्लार्क कोसळला. इंजिन बिघडलं. त्यांच्याच संघातल्या दुसऱ्या कोर्टिनाचं हेड काढून याच्या गाडीला बसवलं. म्हणजे एका गाडीचा बळी देऊन दुसरी चालवली. पुढे डोंगरात डिफरेन्शिअल गेलं. तेव्हा त्यांनी रस्त्यात एक साधी कोर्टिना गाठली, मालकाला गळ घातली आणि तिचा मागचा आख्खा अ‍ॅक्सल विकत घेतला! तो मालक आधी तयार नव्हता, आणि त्याला कोण नावं ठेवेल? यात ८० मिनिटं गेली. क्लार्क शेवटी दहावा आला. मग स्टापेलार-लाम्पिनेनची गाडी एका फाटकाच्या खांबाला आपटली, टायरॉड तुटला. तेही मागे पडले.

आता पुढे बियांकी आणि ओजिए. दुसरा कॉवन. तिसरा पॅडी हॉपकर्क, उत्तर आयर्लंडचा, ऑस्टिन १८०० घेऊन. हॉपकर्क म्हणजे १९६४ मध्ये चिमुकल्या मिनीनं माँटे कार्लो रॅली जिंकलेला माणूस.

सिडनी शंभरेक मैलांवर आली होती. नाउरा गावाचं ठाणं समोरच. ओजिए चालवत होता, बियांकी शेजारी झोपला होता. समोरून एक मिनी आली आणि दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या. सिट्रोएनचा पुढचा भाग चेपला. दोघं जखमी, मिनीतलेही जखमी.

रस्त्यावर त्यांच्या पाठोपाठ पहिला पोचला हॉपकर्क. त्यानं गाडी थांबवली. तो आणि त्याचे साथीदार टोनी नॅश आणि अ‍ॅलेक पूल मदतीला धावले. मागून कॉवन आला, त्यानंही वेग कमी केला. त्याला हातानं खूण केली गेली, इथलं आम्ही बघतोय, तू जा. तो गेला.

१७ डिसेंबरला दुपारी वॉरविक फार्मला गाड्या पोचल्या. कॉवन ५० गुण, हॉपकर्क ५६, तिसरा ऑस्ट्रेलियन फोर्ड फाल्कनवाला इयन व्हॉन ६२. मुंबईचे पहिले तिघं या यादीत नाहीत. निघालेल्या ९८ पैकी ५६ गाड्या पोचल्या. चारही मॉस्कविच त्यांत होत्या, हे मला फार आवडतं.

ही गोष्ट साधारण अशी सांगतात, की हॉपकर्कनं माणुसकीपायी विजय सोडला. मला ते इतकं सरळ वाटत नाही. अपघात झाला तेव्हा कॉवन गुणांमध्ये त्याच्या पुढेच होता. सहा मिनिटांचा फरक. हॉपकर्क थांबला नसता तर तो जिंकलाच असता, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण थांबताना त्याला हा हिशेब थोडाच मांडता आला? चौथ्या दिवसाची झोप डोळ्यांत, पुढे चाललेली गाडी बाद झालेली, म्हणजे पहिला नंबर हाताशी. आणि त्यानं ब्रेक मारला. मला त्या ब्रेकबद्दल बोलायचंय.

कारण २०१३ च्या जानेवारीत मी तो मारला नव्हता.

दिल्लीहून परत येत होतो. अंबाला सोडलं, लालडू गेलं, डेराबस्सीच्या अलीकडे धुकं इतकं दाट झालं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. मी चालवत होते, शेजारी नवरा, मागे सासूबाई. डाव्या बाजूला एक गाडी उलटलेली दिसली. चाकं वर. एक इंडिकेटर चालू होता. रस्त्याच्या कडेला कुणीतरी बसलेलं होतं, डोकं हातात धरून. नवरा म्हणाला, "थांबू नकोस, मागून ट्रक येईल." त्याचं खोटं नव्हतं. धुक्यात थांबलेल्या गाडीवर मागून दहा गाड्या चढल्याच्या बातम्या आम्ही दर हिवाळ्यात वाचतो. पण मनात तेवढंच नव्हतं. पोलीस, जबाब, साक्ष, पुढची पाच वर्षं कोर्टाच्या तारखा, हेही होतं. मी पुढे गेले. झिरकपूरला येऊन फोन केला. सासूबाई घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्या माणसाचं काय झालं, मला आजतागायत माहीत नाही.

तेव्हाची ती भीती काही माझी एकटीची नव्हती. जखमीवर आधी उपचार करा, कागदपत्रं नंतर, असं सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलं होतं. ते डॉक्टरांसाठी होतं. रस्त्यावर थांबणाऱ्या माणसाचं काय? त्याच्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयानं ३० मार्च २०१६ ला बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायची सक्ती नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातल्या किती जणांच्या शेजारून माझ्यासारखी कुणी पुढे गेली असेल, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

म्हणून कॉवनकडेही मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. त्याला कुणीतरी जा म्हणालं होतं, तिथं माणसं होती. माझ्या त्या रस्त्यावर कुणीच नव्हतं.

पुढचं थोडक्यात. बियांकी बरा झाला आणि पुन्हा गाडीत बसला. ३० मार्च १९६९ ला, ल मांच्याच चाचणीत, अपघातात गेला. त्याच्या भावाचा नातू ज्यूल बियांकी. तो २०१२ मध्ये आपल्या फोर्स इंडिया संघाचा राखीव ड्रायव्हर होता. २०१४ मध्ये जपानच्या शर्यतीत त्याला अपघात झाला, पुढच्या वर्षी तोही गेला. कॉवननं १९७७ मध्ये लंडन-सिडनी पुन्हा जिंकली, मर्सिडीज घेऊन. त्या खेपेला गाड्या मद्रासहून बोटीवर चढल्या होत्या. दोन वर्षांनी इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा आल्या आणि तो रस्ताच मिटला. कॉवन २०१९ मध्ये गेला, हॉपकर्क २०२२ मध्ये, ८९ वर्षांचा होऊन.

माझ्या गाडीत आता एक मोठी टॉर्च, लाल चमकणारा त्रिकोण आणि पांढऱ्या पट्ट्यांचं एक जाकीट असतं. त्रिकोण गाडीपासून बराच मागे नेऊन ठेवायचा असतो. धुक्यात तर आणखी मागे. अजून वापरायची वेळ आलेली नाही.

बाहेर सिग्नलचा लाल दिवा दिसायला लागलाय. भेटू पुढच्या भागात.